डोळ्यांची आखणी

पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे, कळवे या गावांतून ज्येष्ठ-आषाढात जाणाऱ्या माणसाला घरांच्या पडव्यांत आणि पत्र्याच्या छपरांखाली गणेशमूर्तींच्या रांगा दिसतात. अंगाला रंग लागलेला असतो, पीतांबर नेसवलेला असतो, मुकुटावर सोनेरी हात फिरलेला असतो. डोळ्यांची जागा मात्र कोरी असते. डोळे सर्वांच्या शेवटी. या कामाला तिकडे ‘आखणी’ म्हणतात आणि ते कारखान्यातील सर्वांत अनुभवी हाताकडे असते. आखणी चालू असताना त्या माणसाशी कोणी बोलत नाही. बारीक कुंचला एकदा टेकला की रेघ पुरी होईपर्यंत उचलायचा नाही, असा शिरस्ता मी तेथे पाहिला आहे.

पाहिला होता, पण लक्षात घेतला फार उशिरा. बँकेच्या नोकरीत पेण आणि रोहा या दोन्ही ठिकाणी माझी काही वर्षे गेली. मूर्तींचे काम वर्षभर चालते, पैसा मात्र गणेश चतुर्थीच्या सुमारास एकदाच येतो. त्यामुळे माती, रंग आणि मजुरी यांसाठी कारागीर आधी कर्ज उचलतात आणि गणपती गेल्यावर फेडतात. तारणाचा माल मोजायला आम्हा अधिकाऱ्यांना जावे लागे. किती मूर्ती कच्च्या, किती रंगवलेल्या, किती आखणीच्या बाकी, एवढेच माझ्या टिपणवहीत उतरत असे. हात कसा चालतो हे पाहण्याची सवड नव्हती आणि खरे सांगायचे तर दृष्टीही नव्हती. ती दृष्टी मला निवृत्तीनंतर आली, तीही एका बटणामुळे. लहान मुलांना घरी केलेल्या वस्तू भेट देण्याविषयी हा लेख लिहावासा वाटला, त्याचे कारण तेच बटण आहे.

व्यवहाराची वही

आपल्या व्यापारी घरांत भेट ही हिशेबाची बाब असते आणि त्यात कमीपणा काही नाही. लग्न, बारसे, वास्तुशांती अशा प्रसंगी कोणाकडून काय आले ते व्यवहाराच्या वहीत लिहिले जाते. त्यांच्या घरी कार्य निघाले की वही उघडून तेवढे, किंवा जरा अधिक, परत केले जाते. या वहीने कितीतरी घराण्यांचे संबंध पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहेत. मात्र एक नोंद तिच्यात नीट बसत नाही, आणि ती म्हणजे वर्ष-दोन वर्षांच्या मुलाला दिलेली भेट. त्या मुलाला किंमत वाचता येत नाही, देणाऱ्याचे नाव लक्षात राहत नाही आणि परतफेड तर संभवतच नाही. किंमत वाचतात ते त्याचे आईवडील. मूल बहुधा वस्तू बाजूला टाकून तिच्या खोक्याशी खेळत बसते.

माझ्या नातीच्या पहिल्या वाढदिवशी हेच घडले. मुलगा धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला असल्यामुळे त्याचे बिऱ्हाड रोह्यात आहे. आम्ही उभयता पेणला राहतो. त्या दिवशी बॅटरीवर धावणारी मोटार आली, गाणारा हत्ती आला, दिवे लागणारा भोवरा आला. आमच्या सौभाग्यवतींनी सगळे वहीत नोंदवले. नात मात्र मोटारीच्या रिकाम्या खोक्यात जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत तिथून उठायला तयार होईना. आठवडाभरात हत्तीचा आवाज बसला. खोका मात्र पुढे दोन महिने टिकला.

मला वाटले, आपणही या मुलीसाठी काही करावे, आणि ते विकत आणलेले नसावे. आमच्या लहानपणी घरात असे पुष्कळ काही होत असे. बारशाआधीच जुन्या लुगड्यांची दुपटी, कुंची, गोधडी तयार असत. थोडे मोठे झाल्यावर चिंध्यांची बाहुली, माडाच्या पातीचे भिरभिरे आणि मनगटी घड्याळ, आंब्याच्या कोयीची पिपाणी, मातीची भातुकली मिळे. या वस्तूंना कोणी ‘भेट’ असे भारदस्त नाव देत नसे. कोणाच्या तरी हातांना दुपारी सवड मिळे आणि तिच्यातून त्या निघत.

माझ्या हातांना सवडच सवड होती. सुई-दोऱ्याची ओळख मात्र कधी तरी सदऱ्याचे बटण लावण्यापुरती. सौभाग्यवतींकडून धावदोरा आणि मागची टीप शिकलो. मांजरपाटाचा तुकडा आणला. पेणहून रोह्याला जाताना कासू, नागोठणे, निडी अशी स्टेशने मागे पडत आणि मी खिडकीशी बसून बाहुलीचा एकेक हात शिवत असे. सहप्रवासी कौतुकाने पाहत, आणि मला ते आवडत असे. बाहुली पुरी होत आली तेव्हा डोळ्यांसाठी एक विचार सुचला. निरोप-समारंभाच्या दिवशी घातलेल्या कोटाची दोन काळी बटणे काढली आणि दुहेरी दोऱ्याने बाहुलीला लावली. आजोबांच्या कोटाची बटणे नातीच्या बाहुलीचे डोळे होणार, ही कल्पना मला फार सुंदर वाटली होती.

एक बटण

नात तेव्हा चौदा महिन्यांची होती. रोह्याच्या घरी दुपारी ओट्यावर मी वर्तमानपत्र वाचत होतो आणि ती शेजारी बाहुली चघळत बसली होती. एकाएकी तिचा आवाज थांबला. मूल रडत असते तर मी वर पाहिले नसते. ती गप्प झाली म्हणून पाहिले. तोंड उघडे, चेहरा लाल, आवाज नाही. बाहुलीचा एक डोळा गेलेला.

मी उभा राहिलो आणि उभाच राहिलो. हाक मारली एवढे आठवते. सूनबाई आतून धावत आली. तिने मुलीला मांडीवर पालथे घातले, डोके खाली केले, एका हाताने हनुवटी धरली आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याच्या मुळाने दोन्ही खांद्यांच्या मध्ये जोराने थाप मारली. एक, दोन, तीन. चौथ्या थापेला बटण फरशीवर पडले आणि नात रडू लागली. ते रडणे ऐकून मी खाली बसलो.

ही रीत तिला ठाऊक होती म्हणून आज हा लेख लिहिता येतो आहे. मला ठाऊक नव्हती. मी तोंडात बोट घातले असते. डॉक्टरांनी नंतर सांगितले की न दिसणाऱ्या वस्तूसाठी आंधळेपणाने बोट घातले तर ती अधिक आत जाते. मूल जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. खोकला किंवा आवाज बंद झाला असेल तर वर लिहिल्याप्रमाणे पाठीवर पाच थापा माराव्यात. तेवढ्याने भागले नाही तर वर्षाच्या आतील बाळाला उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच दाब द्यावेत. वर्षावरील मुलाला मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेने पाच दाब द्यावेत. थापा आणि दाब आळीपाळीने चालू ठेवावेत आणि त्याच वेळी दुसऱ्याने डॉक्टरांकडे धाव घ्यावी. हे वाचून येत नाही. एखाद्या जाणकाराकडून घरातील प्रत्येकाने हाताने शिकून घ्यावे, आजोबांनी सर्वांत आधी.

सूनबाई मला काहीही बोलली नाही. तिने बाहुली उचलून कपाटावर ठेवली. ती बोलली असती तर मला सोपे गेले असते. तीन महिने मी सुईला हात लावला नाही.

आधी मुलाकडे पाहावे

पुढे एकदा एका जुन्या कर्जदार बाईंच्या कारखान्यात सहज गेलो होतो. त्या स्वतः आखणी करतात. बोलता बोलता मी बटणाची हकिकत सांगितली. त्यांनी हातातले काम पुरे केले, कुंचला पाण्यात ठेवला आणि म्हणाल्या, “साहेब, आम्ही डोळे लावत नाही, आखतो. लावलेली वस्तू कधी ना कधी पडायचीच.” मग विचारले, “नात केवढी आहे?” मी वय सांगितले. “मग आधी तिच्याकडे बघायचे, मग बाहुलीकडे.”

माझी चूक त्या एका वाक्यात आली. बाहुली करताना मी बाहुलीकडे पाहत होतो, सहप्रवाशांकडे पाहत होतो, स्वतःच्या कोटाकडे पाहत होतो. चौदा महिन्यांचे मूल जग तोंडाने ओळखते, ही साधी गोष्ट माझ्या आखणीत नव्हती. आखणी या शब्दाचा दुसरा अर्थही योजना असाच आहे. घरी केलेली वस्तू मायेने केलेली असते, परंतु माया हे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे. विकत आणलेल्या वस्तूकडे आपण संशयाने पाहतो. आपल्या हाताने केलेल्या वस्तूकडे तितक्याच संशयाने पाहणे आपल्याला जड जाते. म्हणून काही नियम प्रथमच सांगून टाकतो.

तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी प्रयोगशाळेत एक लहान नळकांडे वापरतात. त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. खेळण्याचा सुटा होणारा कोणताही भाग त्या नळकांड्यात पुरता मावला तर ते खेळणे त्या वयासाठी नापास. आपले दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे आहे. म्हणजे दहाच्या नाण्याहून थोडी मोठी वस्तूही धोक्याचीच. माझे बटण त्या नाण्यापेक्षा पुष्कळ लहान होते. चिंचोके, मणी, टिकल्या, घुंगरू, डाळ, शेंगदाणे यांना या वयाच्या मुलाच्या खेळण्यात, अगदी आत भरण म्हणूनही, जागा नाही. शिवण उसवली की आतले बाहेर येते.

दोरी, नाडी, फीत वीतभराहून लांब नसावी. ती गळ्याभोवती गुंडाळली जाते. झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या अंथरुणात मऊ बाहुली किंवा उशी ठेवू नये, कारण नाकावर आली तर त्याला ती बाजूला सारता येत नाही. रंग शक्यतो लावूच नये. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा अधिक नसावे असा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला आहे. माळ्यावर पडलेला जुना डबा त्याआधीचा असू शकतो, हे लक्षात ठेवावे.

बाहुली, चेंडू आणि कापडी पुस्तक

दुसरी बाहुली मी अशी केली. मांजरपाट प्रथम कढत पाण्यात धुऊन वाळवला, म्हणजे पुढे आटत नाही आणि खळही निघून जाते. कापड दुहेरी घालून त्यावर डोके, हात, धड, पाय अशी एकसंध आकृती काढली. हातपाय वेगळे शिवून जोडले तर तेवढे सांधे कच्चे राहतात. कडेला बोटभर कापड सोडून कापले. मागची टीप दोनदा घातली. मान आणि काख जिथे वळते तिथे शिवणीपर्यंत बारीक काप दिले, म्हणजे उलटल्यावर सुरकुत्या पडत नाहीत. भरण म्हणून धुतलेल्या सुती चिंध्या बारीक कापून घातल्या. सावरीचा कापूस मऊ असतो, पण शिवणीतून त्याचा भुगा निघतो आणि धुतल्यावर गोळे होतात. केस म्हणजे काळ्या कापडाचा एकच तुकडा, चारी बाजूंनी शिवलेला. आणि डोळे दोऱ्याचे. आधी पेन्सिलीने आखले, मग साखळी टाक्याने भरले. पहिले दोन्ही डोळे तिरळे झाले. उसवून पुन्हा घातले. आखणी करणारा मध्येच का बोलत नाही, हे त्या रात्री समजले.

वर्षाच्या आतील बाळाला बाहुलीपेक्षा कापडी चेंडू अधिक आवडतो. सहा पाकळ्या शिवून जोडल्या की नारळाएवढा चेंडू होतो. तो फार दूर घरंगळत नाही, त्यामुळे रांगणाऱ्या मुलाला हाती लागतो. कापडी पुस्तक त्याहून सोपे आहे. वीतभर लांबी-रुंदीची आठ पाने घ्यावीत. प्रत्येक पान वेगळ्या पोताचे असावे: खादी, मखमल, जीन, खण, टॉवेल. मध्ये एकच घट्ट शिवण घालावी. मुलाची बोटे ते पुस्तक वाचतात. एका पानावर झाकण असलेला खिसा शिवला आणि त्यात रुमाल ठेवला तर काढ-घालीत अर्धा तास सहज जातो.

वस्तू निवडताना आपल्या घरांत आणखी एक विचार होतो. रेशीम, पिसे, शिंपले, जनावरांपासून केलेला सरस यांना अनेक घरी जागा नसते. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ पुरते. ती टिकावी म्हणून पूर्वी तीत मोरचूद घालत. मुलांच्या वस्तूंसाठी ते विष मुळीच नको. त्या दिवसापुरती खळ करावी, उरली तर टाकून द्यावी. यशोधर राजाची कथा आपल्याला ठाऊक आहे. त्याने पिठाचा कोंबडा बळी दिला, तरी मारण्याचा भाव मनात होता म्हणून त्याचे फळ त्याला आणि त्याच्या मातेला जन्मोजन्मी भोगावे लागले. प्राण्यांच्या आकाराची बिस्किटे मुलांना न देणाऱ्या आज्या आपल्यात आजही आहेत. त्यांचा आग्रह हसण्यावारी नेऊ नये. मातीचा बैल मुलाच्या हातून फुटला तर त्याला ‘मोडला, टाकून दे’ म्हणायचे की ‘चल, पाय जोडू’ म्हणायचे, यात मुलाच्या मनाची घडण आहे.

करवंटीचा तराजू

चार वर्षांपुढील मुलाला नुसती वस्तू पुरत नाही; ती कशी चालते हे त्याला हवे असते. आपल्या महाराष्ट्रात हा विचार ज्यांनी प्रत्यक्षात आणला त्यांत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावे प्रथम येतात. ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले, अनुताई त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. मॉन्टेसरी पद्धतीची महाग साधने आदिवासी पाड्यावर कोठून आणणार? त्यांनी पाने, बिया, खडे, शिंपले, माती अशा परिसरातल्या वस्तूंची साधने केली. पुण्याचे अरविंद गुप्ता हे आयआयटीत शिकलेले अभियंते. मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमात १९७८ मध्ये त्यांनी काड्यापेटीतील काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी यांतून आकृत्या जोडायला शिकवले, आणि टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याचे व्रत पुढे आयुष्यभर चालवले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

कोकणात नारळ आहे आणि आपल्या घरी दुकान आहे. तेव्हा आपल्या मुलांसाठी मला सुचलेली वस्तू म्हणजे तराजू. एका नारळाच्या दोन सारख्या करवंट्या घ्याव्यात. शेंड्या काढून बाहेरची बाजू पॉलिश कागदाने गुळगुळीत घासावी. काठाजवळ सारख्या अंतरावर तीन-तीन भोके पाडावीत. हे काम मोठ्या माणसाचे. भोकांतून सारख्या लांबीची सुतळी ओवून वर एक गाठ मारावी. हातभर लांबीची सरळ बांबूची काठी दांडी म्हणून घ्यावी. तिच्या बरोबर मध्यावर खाच पाडून तिथे टांगायची दोरी बांधावी आणि दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर पारडी लटकवावीत. करवंट्या कधी अगदी सारख्या नसतात. दांडी कलली तर हलक्या पारड्याच्या तळाशी मातीची छोटी गोळी चिकटवावी. ही गोळी मुलाकडूनच लावून घ्यावी. काटा समतोल झालेला पाहून मुलाच्या चेहऱ्यावर येणारा आनंद दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याने येत नाही.

मग मूल चिंचोके विरुद्ध खडे, पाने विरुद्ध पेन्सिल असे काय वाटेल ते तोलते. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग त्याला या वयात समजावून सांगावा लागत नाही. पारडे हाताने दाबले की भावंड लगेच ओरडते. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोट्या वजन-मापाचा स्पष्ट समावेश आहे. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तराजू चालला, त्या घरच्या मुलाला हे खेळणे देताना आपण काय देत आहोत, हे आजोबांना ठाऊक असते.

पेणच्या आसपासच्या वाचकांना शाडूची भातुकलीही करता येईल. शाडू बहुतांशी गुजरातेतून, भावनगरच्या बाजूने येतो. कारखान्यातून ओंजळभर मागितला तर कोणी नाही म्हणत नाही. ओला असतानाच मळावा, म्हणजे धूळ उडत नाही. चूल, जाते, पाटा-वरवंटा, रांजण करून सावलीत वाळवावे. उन्हात ठेवले की तडकतात. ही माती भाजलेली नसल्याने पाण्यात विरघळते. तुटलेली चूल भिजवून पुन्हा नवी चूल करता येते, हा तोटा नसून मुलांच्या दृष्टीने मोठा नफा आहे.

दुकानातले उरलेसुरले

आपल्या दुकानांत दररोज जे रद्दीत जाते त्याकडे या दृष्टीने पाहावे. कापडाच्या दुकानात ताग्यांतील पुठ्ठ्याच्या नळ्या आणि फळ्या असतात, कटपीस असतात. नळी भिंतीला तिरकी टेकवली की चेंडू सोडायची घसरगुंडी होते. किराणा दुकानात खोकी, पोती, सुतळी. मोठे खोके म्हणजे घर, आगगाडी, दुकान. बारा रिकाम्या काड्यापेट्या चिकटवल्या की बारा कप्प्यांचे कपाट होते. हे अर्थात तीन वर्षांपुढील मुलांसाठी. सराफाकडचा गुलाबी कागद आणि कापूस, शिंप्याकडच्या चिंध्या, छापखान्यातील कागदाच्या कडा, यांतले काहीच विकत घ्यावे लागत नाही.

परंतु रद्दी घरात आणण्यापूर्वी तपासावी. खोक्यांच्या लोखंडी पिना उपटून काढाव्यात. थर्माकोलचे दाणे, प्लास्टिकच्या पातळ पिशव्या, खोक्यात सापडणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या मुलांपर्यंत जाऊ देऊ नयेत. सर्वांत भय बटणाच्या आकाराच्या बॅटरीचे. गाणाऱ्या शुभेच्छापत्रांत, दिवे लागणाऱ्या खेळण्यांत ती असते. मुलाने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांच्या आतच गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. अशी शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. जी खेळणी आपण विकतो त्यांतील बॅटरीच्या झाकणाला स्क्रू आहे का, हे पाहणेही आपल्याच हाती आहे.

घरचे आणि विकायचे

काही भगिनी अशा वस्तू उत्तम करतात आणि विक्रीचा विचार मनात आणतात. त्यांच्यासाठी दोन शब्द. खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून अमलात आहे. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह त्यामुळे आवश्यक झाले. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः करून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट देण्यात आली आहे. तेव्हा आधी नोंदणी, मग विक्री. आयात खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. देशी वस्तूला जागा आहे. आपल्याच कोकणात सावंतवाडीची लाकडी खेळणी तेथील चितारआळीतून दूरवर जातात. पण विकायची वस्तू आणि द्यायची वस्तू यांचे हिशेब निरनिराळे आहेत. विकायची वस्तू शंभर मुलांसाठी असते. द्यायची वस्तू एका मुलाकडे पाहून केलेली असते.

दुरुस्ती

दुसरी बाहुली घेऊन रोह्याला गेलो, तेव्हा ती मी नातीच्या हाती दिली नाही. सूनबाईपुढे ठेवली. तिने दोन्ही हातांनी प्रत्येक शिवण ताणून पाहिली, केस ओढले, डोळ्यांवरून अंगठ्याचे नख फिरवले, बाहुली पाण्यात बुडवून पिळली. नोकरीत मी पुष्कळ तपासण्या केल्या आणि सोसल्या. इतकी कसून तपासणी माझी कोणी केली नव्हती. मग तिने ती दोरीवर वाळत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी नात बाहुली बगलेत घेऊन माझ्यासमोर आली. सूनबाई दारात उभी होती. “बाबा, आता बारशाला लागतील तशा आणखी दोन करून ठेवा,” ती म्हणाली. माझे हात पुन्हा उघडले.

नात आता चार वर्षांची आहे. बाहुलीचा रंग केव्हाच गेला आहे, एका पायाला लुगड्याचे ठिगळ आहे आणि एक डोळा मी दोनदा पुन्हा भरला आहे. गाणारा हत्ती बंद पडला तेव्हा तो उघडून पाहावा असे कोणालाच वाटले नाही. बाहुली उसवली की मात्र नात स्वतः सुईचा डबा घेऊन येते आणि मी दोरा ओवेपर्यंत शेजारी बसून राहते. घरी केलेल्या वस्तूचा हा लाभ मला आधी ठाऊक नव्हता. ती कोणी केली हे मुलाला माहीत असते, म्हणून मोडल्यावर कोणाकडे जायचे हेही माहीत असते.

व्यवहाराच्या वहीत सौभाग्यवतींनी त्या वाढदिवसाच्या पानावर आमच्या नावापुढे ‘बाहुली’ एवढेच लिहिले आहे. रकमेचा रकाना मोकळा आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी घरच्या एखाद्या लहानग्यासाठी एक तरी वस्तू करून पाहावी. कापड घरात आहे, खोके दुकानात आहे. सुईत दोरा ओवण्यापूर्वी मात्र त्या मुलाजवळ घटकाभर बसावे आणि ते काय तोंडात घालते, काय ओढते, कशाने हसते ते पाहावे. आखणी तिथून सुरू होते.